आधी हवा बघा, मग पंप

डिझेल गाडीचे दुखणे सांगताना बहुतेक लोक एकच वाक्य वापरतात : ‘इंजिनला डिझेल पोचत नाही.’ या एका वाक्याचा खर्च दोनशे रुपयांच्या नळीपासून लाखाच्या घरातल्या बिलापर्यंत काहीही होऊ शकतो. डिझेल नेमके कुठे अडले आणि ते कोणी, कसे शोधले, यावर हा खर्च ठरतो. ज्याचे घर गाडीवर चालते त्याच्यासाठी हा फरक म्हणजे पोरांची वर्षाची फी असते.

मी शिक्षक आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण मंगळवार पेठेत राहणाऱ्या माणसाला इंजिनापासून फार लांब राहता येत नाही. शिवाजी उद्यमनगर आमच्याकडून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोल्हापूरच्या या कारखान्यांनी शेतीची ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवले. तिकडे १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी उभी राहिली आणि तिची इंजिने गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली. त्या काळातल्या शेतकऱ्याला डिझेलचा रस्ता तोंडपाठ होता. टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडले की नुसते डिझेल ओतून भागत नसे, नळीत शिरलेली हवा काढावी लागे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबायचे, स्क्रू आवळायचा. मग पंपापाशी तेच. शेवटी नोझलच्या नळीचा नट सैल करून हँडल फिरवायचे, डिझेल आले की नट आवळायचा. चार बुके न शिकलेली माणसे हे करत होती. इंजिनाने ‘हवा धरली’ हा शब्द त्यांचाच.

यामागचे शास्त्र सोपे आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये हे इंजिन नीट चालवून दाखवले. फवारा नीट पडण्यासाठी डिझेलवर दाब हवा. द्रव दाबला तर दाब पुढे जातो, हवा दाबली तर ती स्वतःच आकसते. म्हणून नळीत थोडी जरी हवा असली तरी पंपाची मेहनत ती हवा दाबण्यातच जाते आणि फवारा पडत नाही.

बॉश कंपनीने १९२७ साली डिझेलचा पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतला. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको ही कंपनी निघाली. नोझल म्हटले की मायको, असे जुने मिस्त्री अजून म्हणतात. त्यांच्या तोंडी नोझलला दुसरे नावच नाही. मग १९९७ च्या सुमारास युरोपात मोटारगाड्यांमध्ये कॉमन रेल आली आणि काही वर्षांत आपल्याकडेही पोचली. या पद्धतीत एक पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवतो आणि संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर उघडतात. आवाज कमी झाला, ॲव्हरेज वाढले, धूर घटला. पण मालकाला डिझेलचा रस्ता दिसेनासा झाला. बॉनेट उघडले की वर प्लॅस्टिकचे झाकण. त्यामुळे आता आपण विचारत नाही, सांगतील ते ऐकतो.

आमच्या थोरल्या भाईंची सात जणांची डिझेल गाडी आहे. सकाळी शाळेची मुले, लगीनसराईत वऱ्हाड, मधल्या काळात रत्नागिरीची भाडी. दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती आंबा घाट चढताना अचानक मेल्यासारखी झाली. ॲक्सिलेटर दाबला तरी ओढ नाही, समोर इंजिनचा पिवळा दिवा. अर्धा तास थांबल्यावर पुन्हा चालू झाली. पुढे सकाळी सुरू व्हायलाही वेळ घेऊ लागली. एका मोठ्या गॅरेजमध्ये संगणक लावला. कोड आला पी-००८७. निष्कर्ष निघाला : हाय प्रेशर पंप गेला, सोबत इंजेक्टरही बदलावे लागतील. अंदाज पाऊण लाखाचा. भाभींच्या बांगड्या सोनाराकडे न्यायच्या, हे घरात ठरूनही गेले होते.

त्याआधी एकदा दाखवू म्हणून आम्ही उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. साठी ओलांडलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. भाईंनी कोडचा कागद पुढे केला. चाचांनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, “कोड खरा हाय. रेलमदी दाब कमी हाय, एवढंच त्यो सांगतोय. त्यो ताप हाय, सर. ताप आला म्हणून कुणी काळीज बदलतंय व्हय?”

पी-००८७ चा अर्थ खरोखर एवढाच आहे : रेलमध्ये जेवढा दाब हवा तेवढा नाही. तो का नाही, हे कोड सांगत नाही. टाकीच्या तळाची जाळी तुंबली, नळीत हवा शिरली, फिल्टर भरला, पंप झिजला, इंजेक्टर आतून गळू लागला, दाब मोजणारा सेन्सर खोटे बोलू लागला, यातल्या कशानेही तोच कोड येऊ शकतो. गॅरेजवाल्यांचे वाचन चुकले नव्हते. त्यांनी वाचनालाच निकाल मानले होते.

चाचांनी आधी गाडीला हात लावला नाही. भाईंना बसवून घेतले. “भाई, ये बताव, कब सताती गाडी? सुबू को, के चढाव पे? टाकी में डिझेल कित्ता था?” भाई आठवून आठवून सांगू लागले. सकाळी त्रास, चढाला त्रास, सपाटीला नाही. आणि एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, जी त्यांना स्वतःला महत्त्वाची वाटत नव्हती : टाकी भरलेली असली की गाडी बरी चालते, अर्ध्याच्या खाली गेली की बिघडते. चाचा हसले. पंप झिजला असता तर टाकी भरलेली आहे की अर्धी, याचे त्याला काय?

मग त्यांनी स्वस्तातल्या तपासण्यांपासून सुरुवात केली. पहिले टाकीचे झाकण. डिझेल कमी होते तशी टाकीत हवा यायला वाट लागते. ती वाट तुंबली तर आत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा हवा ओढल्याचा आवाज आला तर संशय तिथेच घ्यायचा. आवाज आला नाही.

दुसरे, फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली खिडकीत ठेवून दिली. पाणी डिझेलपेक्षा जड असते, ते तळाला बसते आणि रेघ दिसते. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, इंधनाचे टँकर अडकले. पाणी ओसरल्यावर चाचांच्या दारात बुडालेल्या गाड्यांची रांग होती. त्यातल्या काही मालकांनी घाईने चावी फिरवून पाहिली होती. ज्यांनी आधी टाकी आणि फिल्टर रिकामे करून घेतले त्यांचे पंप वाचले, असे चाचा सांगतात. भाईंच्या बाटलीत पाण्याचे दोन-चार थेंब होते. पावसाळ्यात एवढे असतेच. फिल्टर मात्र काळा झाला होता, तो बदलायचे ठरले.

तिसरे, फिल्टरजवळचा हातपंप. सगळ्या गाड्यांना तो नसतो. काहींच्या टाकीतच विजेचा पंप असतो आणि चावी फिरवल्यावर त्याची बारीक गुणगुण ऐकू येते. भाईंच्या गाडीत इंजिनवरचाच पंप टाकीतून डिझेल ओढतो, म्हणून हातपंप आहे. तो दाबत गेल्यावर कडक होऊन तसाच राहायला हवा. चाचांनी दाबला, कडक झाला, आणि आम्ही बोलत होतो तेवढ्यात पुन्हा मऊ पडला.

चौथी तपासणी मला सर्वांत आवडली, कारण ती वर्गात करून दाखवण्यासारखी आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू केले. पिवळसर डिझेलमधून बुडबुड्यांची माळ पळताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली. तिथेही बुडबुडे. म्हणजे हवा फिल्टरमध्ये शिरत नव्हती, त्याच्या आधीच शिरत होती. खात्रीसाठी त्यांनी स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर टांगला आणि त्यातून थेट फिल्टरला नळी दिली. टाकी आणि तिच्या नळ्या अशा खटल्यातून बाहेर काढल्या. चाचांच्या भाच्याने मोबाईलला जोडलेले छोटे यंत्र लावले. त्यावर दोन आकडे शेजारी दिसत होते : संगणकाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. आधी रेझ केल्यावर मिळालेला आकडा मागे पडत होता. डब्यावर दोन्ही आकडे जोडीने चढले आणि जोडीने उतरले. बुडबुडे नाहीत. पंप आपले काम करत होता.

गाडी वर घेतली तेव्हा टाकीकडून येणाऱ्या नळीच्या रबरी सांध्याला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, केसासारखी भेग सापडली. मी विचारले, “चाचा, मग डिझेल खाली का गळलं नाही? जमिनीवर एक थेंबही नव्हता.” ते म्हणाले, “सर, हितं पंप ढकलत न्हाई, वडतोय. वडणाऱ्या नळीला भोक पडलं की तेल बाहेर येत न्हाई, वारं आत जातंय.” आता भाईंची तिन्ही दुखणी एकाच धाग्यात आली. रात्री त्या भेगेतून हवा शिरून नळीतले डिझेल मागे टाकीत उतरत होते, म्हणून सकाळी उशीर. चढाला इंजिन जास्त डिझेल मागते, ओढ वाढते, हवाही जास्त शिरते. आणि टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, ओढ कमी लागते, म्हणून आजार लपतो.

एवढ्यावर चाचा थांबले नाहीत. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन काही मिनिटे चालवले. जो इंजेक्टर आतून गळतो त्याची बाटली लवकर भरते. तिसरी बाटली इतरांपेक्षा थोडी पुढे होती. ते भाईंना स्पष्ट म्हणाले की आज याला हात लावायची गरज नाही, पण पुढच्या वर्षी या एका इंजेक्टरसाठी पैसे बाजूला ठेवा. नळी, क्लॅम्प, फिल्टर आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. बांगड्या कपाटातच राहिल्या.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली आणि खरे तर तिच्यासाठीच मी हे लिहितो आहे. चाचांचा एक शागीर्द माझाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर गॅरेजला लागला. त्याचे वडील टेम्पोचे मिस्त्री होते. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायची एक पद्धत होती : इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करायचा. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर आजारी. पोराने वडिलांना हे शंभरदा करताना पाहिले होते. त्याने पाना उचलून रेलकडच्या नटाला लावला. चाचा एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसे थांबली.

मोटारगाडीच्या चाकात साधारण दोन-सव्वादोन बार हवा असते. कॉमन रेलमध्ये सोळाशे बारपर्यंत दाब जातो, नव्या गाड्यांत त्याहूनही जास्त. म्हणजे चाकाच्या सातशे पट. एवढ्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल थेट मांसात घुसवते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो. असे झाले तर हळद भरून घरी बसायचे नसते. ताबडतोब रुग्णालयात जायचे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. चालू इंजिनावर रेलच्या नळीला पाना लावायचा नाही. गळती बघायला हात फिरवायचा नाही. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरू द्यायचा. वडिलांकडून आलेली विद्या खोटी नव्हती, ती दुसऱ्या इंजिनाची होती.

आमच्या समाजातली कितीतरी मुले अशीच गॅरेजला लागतात. उस्तादाच्या हाताकडे बघत शिकतात. ती शिकवण किती मोलाची आहे हे मी त्या दिवशी पाहिले. पण ती कुठे लिहिलेली नाही. कंपन्यांची पुस्तके इंग्रजीत, यंत्राच्या पडद्यावरची भाषा इंग्रजी, आणि या मुलांचे शिक्षण उर्दूत किंवा मराठीत. उस्ताद गेले की त्यांच्याबरोबर तपासण्यांचा क्रम जातो, आणि हातात राहतो तो फक्त कोड वाचणारा मोबाईल.

बी.एड.ला आम्हाला ‘निदानात्मक चाचणी’ असा एक भाग होता. परीक्षेचा कागद मुलाला किती येते ते सांगतो, निदानात्मक चाचणी त्याचे कुठे अडते ते सांगते. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठीत शंभरपैकी तीस गुण पडले, तर ते तीस म्हणजे पी-००८७. त्याला अक्षरे अडतात का? रोज उजवीकडून वाचणारा डोळा डावीकडून वाचताना दमतो का? शब्दांचा अर्थ अडतो, की उत्तर तोंडी येते पण लिहिता येत नाही? हे एकेक करून पाहिल्याशिवाय ‘पोरगं ढ आहे’ म्हणणे म्हणजे न बघता पंप बदलणे. गाडीचा पंप निदान पैसे भरून नवा मिळतो.

‘निदान’ हा मराठी शब्द मला म्हणूनच आवडतो. त्याचा एक अर्थ मूळ कारण शोधणे आणि दुसरा ‘कमीत कमी’. उर्दूत आपण ‘तश्खीस’ म्हणतो. तो ‘शख़्स’शी नाते सांगणारा शब्द, म्हणजे नेमका तो कोण याची ओळख पटवणे. गर्दीतून गुन्हेगार ओळखायचा, दिसेल त्याला धरायचे नाही. दोन्ही शब्द एकत्र घेतले तर चाचांचे सगळे काम त्यात येते : निदान एवढे तरी तपासा आणि मगच बोट दाखवा.

याचा अर्थ दुखणे अंगावर काढा असा नाही. पंपाच्या आतल्या पोलादी भागांना वेगळे ऑइल नसते, त्यांचे वंगण डिझेलच असते. हवा किंवा पाणी जात राहिले तर भाग कोरडे घासतात, धातूचा कीस निघतो, तो रेलमधून इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग पाऊण लाखाचा अंदाज खरा ठरतो. भाईंनी आणखी दोन महिने तशीच गाडी रेटली असती तर चाचांकडेही इलाज उरला नसता.

तेव्हा तुमच्या गाडीला ‘डिझेल पोचत नाही’ असे कोणी सांगितले तर न भांडता, न लाजता तीन प्रश्न विचारा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे मला दाखवाल का? पारदर्शक नळी लावून हवा पाहिली का? इंजेक्टरच्या परतीच्या बाटल्या भरून पाहिल्या का? तिन्हींची उत्तरे मिळाली आणि तरीही पंपच दोषी निघाला, तर बिनघोर बदला. आणि जाण्यापूर्वी स्वतः आठवून एका कागदावर लिहून न्या : त्रास सकाळी होतो की चढाला, टाकी तेव्हा किती भरलेली होती, शेवटचे डिझेल कुठे भरले, फिल्टर कधी बदलला. चाचांना अर्धे निदान त्या चार ओळींतच सापडले होते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एक वही दिली आहे. चाचा जी तपासणी करतील ती त्याने त्याच क्रमाने लिहायची, उर्दूत लिहिली तरी चालेल, मराठीत लिहिली तरी चालेल. पहिल्या पानावर त्याने लाल पेनाने लिहिले आहे : चालू गाडी, रेलच्या नटाला पाना नाही.